पहिला मान, पहिली मान

त्या घरात चहासुद्धा मानाप्रमाणे यायचा. पहिला कप सासऱ्यांचा. कुणी पाहुणा असेल तर दुसरा त्याचा. मग नवऱ्याचा, तो घरी असला तर. मग सासूबाईंचा. आणि सगळ्यांत शेवटी भांड्याच्या तळाशी उरलेला, ज्यात चहापेक्षा चोथाच जास्त, तो धाकटीचा. असा नियम कुणी केला नव्हता. केला असता तर एखाद्या दिवशी मोडता तरी आला असता.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. थोरली नवऱ्याच्या बदलीबरोबर दुसऱ्या शहरात ‘सुटली’ होती. हा शब्द सासूबाईंचा, आणि तो त्या फक्त स्वयंपाकघरात वापरायच्या. धाकटीचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा, त्यामुळे घरात तो असण्यापेक्षा त्याचे धुवायचे कपडे जास्त असायचे. आणि सासरे म्हणजे पोस्टमास्तर. ते पोस्टमास्तर कधीच नव्हते. अख्खी नोकरी त्यांनी पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती. पण गल्लीत सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत आणि ही चूक दुरुस्त करावी असं त्यांना कधी वाटलं नाही. आवाज असा, की ‘रांगेत या!’ असं ते खिडकीतून म्हणाले की रस्त्यावरून जाणारी माणसंही एकामागे एक चालायला लागायची. निवृत्तीनंतर खिडकी गेली, आवाज तेवढा घरी आला.

धाकटीनं नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला होता, पण परवान्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. परवाना नाही म्हणून इस्पितळात ती मदतनीस होती. चादरी बदलायच्या, रुग्णांना कुशीवर वळवायचं, भांडी द्यायची, भांडी न्यायची. इंजेक्शनच्या ट्रेला हात लावायचा नाही. तिच्याबरोबर शिकलेल्या मुली त्याच वॉर्डात पांढऱ्या गणवेशात फिरायच्या आणि तिला ‘अगं, जरा ती चादर’ म्हणायच्या. त्यांच्या मनात काही वाईट नसायचं, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं. आता तिसरी संधी होती आणि तीच शेवटची. या वेळी नापास झाली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकायचं, हा मंडळाचा नियम. तेवढं वय आणि तेवढा धीर आता तिच्याकडे नव्हता. नर्सची एक जागा इस्पितळानं तिच्यासाठी निकालापर्यंत मोकळी ठेवली होती. निकालापर्यंत म्हणजे निकालापर्यंतच.

‘आपल्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही,’ हे पोस्टमास्तर अधूनमधून भिंतीकडे बघून म्हणायचे. भिंतीला काही वाटायचं नाही.

बरं, मुलगी ढ होती म्हणावं तर तेही नाही. औषधांची मात्रा, हाडांची नावं, जखमेची पट्टी कशी बांधायची, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. पण एका जातीच्या प्रश्नापुढे तिनं हात टेकले होते. ‘तुमच्या देखरेखीखाली चार रुग्ण आहेत. सर्वांत आधी कुणाकडे जाल?’ हा प्रश्न आला की तिचं उत्तर चुकलंच म्हणून समजा. आणि परीक्षा काढणाऱ्यांना या प्रश्नाचा भारी सोस. आलटून पालटून तोच.

शेवटी इस्पितळातल्या एका वयस्कर सिस्टरनं तिला मेट्रनबाईंचा पत्ता दिला. या बाई कधीकाळी मोठ्या इस्पितळाच्या मेट्रन होत्या आणि आता इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायच्या. खोलीत कायम गरम कपड्यांचा वास. मधोमध एक लोखंडी खाट आणि तिच्यावर एक मळका कापडी पुतळा. त्याला त्या कुंभकर्ण म्हणायच्या. बाईंच्या बोलण्याला मऊपणा नव्हता आणि हाताला कमालीचा होता.

धाकटीनं सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे ठेवला. मेट्रनबाईंनी चुकलेले प्रश्न तेवढे बाजूला काढले आणि लाल पेन्सिलीनं प्रत्येकात एकेका ठिकाणी रेघ मारली. मग गठ्ठा परत तिच्याकडे सरकवला.

“जिथं रेघ आहे तेवढंच वाच.”

धाकटीला वाटलं, एखादा आजार निघेल, कुठलंसं लक्षण निघेल. ती वाचायला लागली. “बहात्तर वर्षांचे गृहस्थ. अडुसष्ट वर्षांच्या बाई. ऐंशी वर्षांचे निवृत्त न्यायाधीश. चौसष्ट...”

“पुरे. काय दिसलं?”

“वय?”

“तुझ्या एकूण एक चुका साठीच्या पुढच्या आहेत, बाळा. पोरगी बुडत असली तरी तू आजोबांना नमस्कार करायला थांबतेस. हा घे, हा प्रश्न बघ. पहिले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, दुखतंय म्हणून कधीपासून हाका मारतायत. दुसरी, घरी सोडायची बाई, नातेवाईक दारात येऊन उभे. तिसरी, आज सकाळी गळ्याचं ऑपरेशन झालेली मुलगी, म्हणते पट्टी जरा घट्ट वाटतेय. चौथा, तापाचा माणूस. तू कुठं गेलीस?”

“आजोबांकडे.”

“का?”

धाकटीनं खाली बघितलं. उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते परीक्षेतलं उत्तर नव्हतं. “ते कधीपासून हाका मारत होते... आणि वयानं मोठे. मोठ्यांचा मान आधी ना, बाई?”

मेट्रनबाईंना हसू फुटलं. इतकं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले आणि खालून इस्त्रीवाल्यानं “काय झालं हो?” म्हणून विचारलं.

“आधी मान! अगदी बरोबर आहे तुझं. सगळी विद्या आली त्यात. फक्त व्याकरण चुकलं,” त्या म्हणाल्या. “तू शोधतेस पहिला मान. परीक्षा विचारते पहिली मान! तो मान नाही गं, ती मान. ही!” त्यांनी स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. “श्वासाची वाट इथून जाते. ती कुणाची बंद होतेय ते आधी बघायचं. मग छाती, श्वास आतबाहेर होतोय का. मग नाडी, रक्त फिरतंय का. आधी मान, मग छाती, मग नाडी. ही तिन्ही ज्याची धड आहेत तो माणूस थांबू शकतो. मग तो तुझा आजोबा असो, न्यायाधीश असो, नाहीतर प्रत्यक्ष मी असो.”

“पण मग त्यांना राग येईल.”

“येईल की. राग हा आजार नव्हे.”

धाकटी हसली. हे सगळं तिला पाठ होतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यात तेच होतं. तरीही प्रश्न वाचताना मनातल्या मनात ती वॉर्डात उभी राहायची, आणि तिथं एक म्हातारा माणूस हाका मारत असायचा, आणि उत्तरावर खूण होऊन जायची.

मेट्रनबाईंनी ते तिच्या तोंडावरच वाचलं असावं. “डोक्याला कळलंय. पायांना कळलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पाय शिकवायला हवेत. घरात माणसं आहेत ना? मग झोपव त्यांना. कुंभकर्ण चालणार नाही तुला, तो ओरडत नाही.”

सासऱ्यांना ‘तुम्ही रुग्ण व्हा, मी तुमच्याकडे शेवटी येईन’ असं सांगायची धाकटीची छाती नव्हती. ते काम सासूबाईंनी केलं. जेवताना त्या सहज म्हणाल्या, “धाकटीला अभ्यासासाठी एक मुरब्बी रुग्ण हवाय. जोरात कण्हणारा. पण तुम्हाला नाही जमायचं ते.”

“मला? मला नाही जमायचं?” पोस्टमास्तरांनी घास खाली ठेवला. सासूबाईंनी सुनेकडे न बघता पाण्याचा पेला पुढे केला.

नवरा सुट्टीवर आला त्या दिवशी पुढच्या खोलीचा वॉर्ड झाला. आरामखुर्चीत पोस्टमास्तर, गुडघ्याला टॉवेल गुंडाळलेला. जमिनीवर सतरंजी टाकून नवरा, पोटदुखीचा. कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेला लोड, तो तापाचा. आणि दिवाणावर सासूबाई, गळ्याभोवती ओढणी बांधलेल्या, गळ्याच्या ऑपरेशनची केस. धाकटी दाराबाहेर उभी राहिली आणि हाक आल्यावर आत शिरली.

“अगं आई गं! मेलो! अरे, कुणी आहे का या इस्पितळात?”

पोस्टमास्तरांनी असा काही टाहो फोडला की शेजारचे गृहस्थ बनियनवर धावत आले. त्यांना समजावून परत पाठवावं लागलं. धाकटी पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली, आणि पाय सरळ आरामखुर्चीकडे गेले. “काय होतंय, बाबा?”

“मी मेले बरं का,” दिवाणावरून सासूबाई म्हणाल्या. “तू तिकडे वळलीस तेवढ्यात.”

पुन्हा केलं. ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्यांदा तर ती दिवाणाच्या दिशेनं निघाली होती, पण वाटेत पोस्टमास्तर नुसते खाकरले आणि ती जागच्या जागी वळली. सतरंजीवर पोटदुखी विसरून नवरा हसत होता. धाकटीला मात्र रडू येईल असं वाटलं. हे पाय घेऊन आपण परीक्षेला जाणार आहोत, याची तिला मनापासून भीती वाटली.

पुढच्या खेपेला दारातून आत येताना तिनं ठरवून खुर्चीकडे पाठ केली. “सूनबाई! मी इथं तळमळतोय आणि तू पाठ फिरवतेस? हेच शिकवलं का तुला?” आवाज मागून येत राहिला. तिनं दिवाणाची कड धरली, गुडघ्यांवर बसली आणि सासूबाईंचा हात हातात घेतला.

“आई, बोलता येतंय का? श्वास नीट येतोय?”

सासूबाई बोलल्या नाहीत. धाकटीला वाटलं, छान अभिनय करतायत. मग तिनं त्यांचे डोळे बघितले.

“काही नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “या घरात आल्यापासून आधी माझ्याकडे कुणी आलं नव्हतं.”

पोस्टमास्तरांचं कण्हणं मध्येच राहिलं आणि ते आपल्या टॉवेलकडे बघत बसले. नवरा सतरंजीवर उठून बसला. ज्या बाईच्या हाताखाली ती इतकी वर्षं वावरली तिच्यासाठी तिच्या मनात एकदम माया दाटून आली. तिनं तो हात घट्ट धरून ठेवला. सासूबाईंनीच मग तो सोडवून घेतला आणि ओढणी नीट केली. “चला, पुन्हा करा. मला आवडतंय हे.”

पोस्टमास्तरांना मात्र आवडलं नव्हतं. सासूबाईंच्या बोलण्याचा त्यांना धक्का बसला होता, पण त्यांच्या स्वभावाप्रमाणे तो रागाच्या वाटेनं बाहेर आला. “रांग म्हणून काही चीज असते की नाही?” दुसऱ्या दिवशी ते भिंतीला विचारत होते. “मी आधी हाक मारली होती. आधी येईल त्याचं आधी. जन्मभर हेच केलं मी, आणि आता माझ्याच घरात रांग मोडतात!” दुपारी डोक्यावर टोपी घालून ते तडक मेट्रनबाईंकडे भांडायला गेले.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. आता शिकवणी बंद, परीक्षा बंद, सगळंच बंद, असं धरून ती भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

संध्याकाळी पोस्टमास्तर परत आले ते वेगळ्याच नुरात. टोपी खुंटीला लावायचीही घाई झाली होती.

“सूनबाई, इकडे ये. ती बाई मोठी बिलंदर आहे. मी म्हटलं, रांग म्हणजे रांग. तर मला विचारते, ‘तुमच्या पोस्टात तार आली की तीही रांगेत उभी करायचात का?’”

“मग तुम्ही काय म्हणालात, बाबा?”

“मी काय म्हणणार? तार कधी रांगेत उभी राहते का? तार आली की रांग गेली उडत! हातातलं रजिस्टर टाकून पोऱ्या सायकलवर पाठवायचा!” ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले. “मला आधीच कुणी असं सांगितलं असतं तर! अगं, तुझे हे चार रुग्ण म्हणजे चार माणसं नव्हेतच. एक तार आहे आणि तीन साधं टपाल. टपालातला माणूस कितीही आदळआपट करू दे, साहेबाचा मेहुणा असू दे, तो टपालच. तुझं काम एवढंच, तार ओळखायची.”

“आणि टपालाला राग आला तर?”

“पोस्टात किती माणसं माझ्यावर रागावून गेली, हिशेब आहे का? सगळी धडधाकट आहेत अजून.”

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. तिला अडवणं हेच पोस्टमास्तरांनी आता आपलं काम मानलं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, पण हे गृहस्थ असे रडायचे की ते ऐकून कुठल्याही आईनं पळ काढला असता. कधी धमकी, ‘तुझी नोकरी घालवीन’. कधी गोडीगुलाबी, ‘तू माझ्या मुलीसारखी गं’. कधी ‘इस्पितळाचा संचालक माझा मावसभाऊ आहे’. एकदा तर ते खरंच खुर्चीतून घसरून पडले आणि धाकटीनं दिवाणाजवळूनच विचारलं, “बाबा, लागलं का? बोला.” ते म्हणाले, “लागलं!” तशी ती म्हणाली, “मग येते दोन मिनिटांत.” पडल्या पडल्या त्यांनी टाळी वाजवली.

मेट्रनबाई प्रश्न पाठवायच्या, घर ते वठवायचं. सासूबाई कधी दम्याच्या रुग्ण व्हायच्या, कधी रक्तस्रावाच्या, आणि प्रत्येक खेपेला तार त्याच असत असं नाही, म्हणून हिरमुसायच्याही. एके दिवशी तार लोड निघाला. तापानं बडबडत होता आणि एकाएकी गप्प झाला होता. “बडबड थांबली म्हणजे बरं वाटलं असं नव्हे,” असं त्या प्रश्नाखाली बाईंनी लिहून पाठवलं होतं. धाकटीनं लोडाला हलवून हाक मारली तेव्हा घरातलं कुणीही हसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी नवरा बसवर होता, म्हणून पोस्टमास्तर बरोबर आले. परीक्षा केंद्राच्या दारातल्या बाकावर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, “जा. मी इथंच आहे. माझ्याकडे लक्ष देऊ नकोस.”

सकाळी संगणकावरची परीक्षा होती. त्याआधी मुख्य परीक्षकांनी सूचना दिल्या. धिप्पाड माणूस, पांढऱ्या भरघोस मिशा, आवाजाला माइकची गरज नाही. मागच्या वर्षी नापास झालेल्या मुली आपसांत त्यांना वाघोबा म्हणायच्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत बऱ्याच जणींची पाचावर धारण बसली होती. धाकटीचीही बसली. पण मग पडद्यावर पहिला प्रश्न उमटला, ‘चार रुग्ण आहेत’, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त प्राध्यापक तिला पडद्यातून हाका मारत होते आणि ती त्यांच्यासमोरून चालत गेली. शांतपणे. पुढच्या प्रश्नात ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय आ वासून बसला होता. पूर्वी तिला त्याचा मोह पडायचा. या वेळी तिनं आधी धाप लागलेल्या रुग्णाला उठवून बसवलं, मग डॉक्टरांना कळवलं.

दुपारी प्रात्यक्षिक. एका मोठ्या खोलीत चार पलंग, पडदे, सलाइनचे खांब. घंटा वाजली की आत जायचं आणि काम सुरू करायचं. बाजूला दोन परीक्षक कागद घेऊन उभे. धाकटीच्या आधीची मुलगी डोळे पुसत बाहेर आली होती.

घंटा झाली. धाकटी आत शिरली आणि दाराजवळच थबकली. पहिल्या पलंगावर इस्पितळाचा झगा घालून, पाय उंच करून, खुद्द वाघोबा निजले होते.

“सिस्टर! किती वेळ हाका मारतोय मी! गुडघा फुटतोय माझा. इकडे या आधी!”

तोच आवाज. तीच मिशी. तिच्या परवान्यावर सही करणारा हात चादरीवर आपटत होता. दुसऱ्या पलंगावर एक बाई हुंदके देत होती. चौथ्यावर एक माणूस पोट धरून आडवा होता. तिसऱ्यावर एक तरुण मुलगी, गळ्याला स्वच्छ पांढरी पट्टी, छताकडे बघत पडलेली. ती काहीच मागत नव्हती. फक्त बोटानं पट्टीची कड ओढत होती.

“मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?” वाघोबा गरजले.

धाकटीची पावलं एक क्षण रेंगाळली. खोटं कशाला सांगा, रेंगाळलीच. मग ती म्हणाली, “माहीत आहे, काका. आवाज खणखणीत आहे तुमचा. गुडघ्याचं मी बघते, पण थोड्या वेळानं.” आणि ती त्यांच्यासमोरून निघून गेली. मागं काय काय बोललं गेलं ते तिनं ऐकलं, पण ते सगळं टपाल होतं.

तिसऱ्या पलंगाशी ती वाकली. “बोलून दाखवा बघू. नाव नको, काहीही बोला.”

“घट्ट... वाटतंय,” मुलगी म्हणाली. आवाज बसलेला, घोगरा.

पट्टी कोरडी होती. डाग नाही, काही नाही. आधीच्या मुलींनी ती बघितली असणार आणि पुढे गेल्या असणार. पण धाकटीनं इतकी वर्षं ऑपरेशनच्या वॉर्डात उशांचे अभ्रे बदलले होते. निजलेल्या माणसाच्या गळ्याचं रक्त समोर दिसत नाही, ते उताराला लागतं आणि मागं जातं, हे तिनं पुस्तकात वाचण्याआधी धुण्यात बघितलं होतं. तिनं हातमोजा चढवला आणि मुलीच्या मानेखाली हात सरकवला. हात बाहेर काढला तेव्हा बोटं लालभडक होती. मानेखाली लाल रंगात भिजवलेली कापडाची घडी लपवून ठेवलेली होती.

खोलीतला एक परीक्षक पुढे सरकला.

“रक्त मागं साचतंय, गळा आतून दाबला जातोय,” धाकटी म्हणाली. मुलीला तिनं उठतं बसवलं, मान सरळ धरली, ऑक्सिजनची नळी लावली आणि पलंग न सोडता दाराकडे बघून हाक दिली, “इकडे मदत पाठवा! सर्जनना ताबडतोब बोलवा, टाके काढायचा ट्रे इथं आणून ठेवा. मी हिच्याजवळून हलत नाही.”

घंटा वाजली. मुलीनं डोळा मिचकावला आणि मान पुसायला लागली.

वाघोबा पलंगावर उठून बसले होते. झग्यातून त्यांच्या गुबगुबीत पोटऱ्या दिसत होत्या, तरी दरारा कमी झाला नव्हता.

“मला ओलांडून गेलात तुम्ही.”

“हो सर.”

“का?”

“तुम्ही ओरडत होता, सर. इतकं ओरडायला छाती भरून श्वास लागतो. तिला दोन शब्द बोलायला पुरत नव्हता.”

“आणि मी अपमान मानला असता तर? तक्रार केली असती तर?”

धाकटी म्हणाली, “तक्रार करायला तुम्ही उद्या असणार होता, सर. ती नसती.”

वाघोबांनी तिच्याकडे बघितलं. मग मिशीखाली काहीतरी हललं. “सकाळपासून या पलंगावर पडलोय मी,” ते दुसऱ्या परीक्षकाला म्हणाले. “सगळ्या जणी माझीच उशी सारखी करतायत. मान अवघडली माझी.”

संध्याकाळी कारकुनानं जिन्यात उभं राहून उत्तीर्ण झालेल्यांचे बैठक क्रमांक वाचले. आवाज पडका, मध्येच खोकला. धाकटीनं आपला क्रमांक ऐकला आणि तिचा विश्वास बसला नाही. शेजारच्या मुलीनं तिचा दंड धरून हलवला, “अगं, तुझाच ना?” तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पुढचे क्रमांक तिनं ऐकले नाहीत. ती परवानाधारक नर्स झाली होती. उद्यापासून ट्रे तिच्या हातात असणार होता. हा आनंद इतका मोठा होता की तिला आधी बसावंसं वाटलं, मग धावावंसं वाटलं, आणि ती धावली.

पोस्टमास्तर बाकावरून केव्हाच उठले होते आणि फाटकाच्या गजांना धरून उभे होते. तिचा चेहरा बघितल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

“प्रात्यक्षिकात काय आलं?”

“चार पलंग. पहिल्यावर मुख्य परीक्षक स्वतः झोपले होते, बाबा. गुडघा दुखतोय म्हणून ओरडत होते. मी कोण आहे माहीत आहे का, म्हणाले.”

“अस्सं! मग?”

“त्यांना ओलांडून पुढं गेले.”

पोस्टमास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते बघितलं आणि जरा जवळ येऊन विचारलं, “ओरडायला कसा होता तो?”

“तुमच्या पासंगालाही पुरला नाही, बाबा.”

म्हातारा माणूस भर रस्त्यात रडायला लागला. हसतही होता. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुली, त्यांचे बाप, कोपऱ्यावरचा सायकलवाला, सगळ्यांनी वळून बघितलं. धाकटीनं त्यांचा हात धरला, तर तो त्यांनी झटकून टाकला आणि तिला खांद्याला धरून लोकांसमोर उभी केली.

“बघता काय?” साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. “ही माझी सून. मी मरतो मरतो म्हणून बोंबलत होतो, आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून जायची. पास झाली!”